पप्पांच्या मांडीवरचा स्पीकर

आमच्या घरात टीव्ही लागला की सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य टीव्हीतलं नसायचं. ते पप्पांचं असायचं. "काय म्हणाला?"

पडद्यावर कुणी तोंड उघडून मिटलं की पप्पा आईकडे वळायचे. आई सांगायची. ती सांगेपर्यंत पुढचं वाक्य निघून गेलेलं असायचं, मग ते मला विचारायचे, आणि मी सांगेपर्यंत त्याच्या पुढचं. घरात माणसं तीन आणि पिक्चर धड कुणालाच कळायचा नाही. आई वैतागली की काहीही ठोकून द्यायची. "मेला तो! सुटला एकदाचा!" मग पुढच्या सीनमध्ये तो मेलेला माणूस हातात बॅट घेऊन यायचा आणि पप्पा आमच्या दोघींच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत बसायचे.

पप्पांची उभी हयात अंबरनाथच्या इंडस्ट्रियल एरियात एका प्रेसशॉपमध्ये गेली. दिवसभर पत्र्यावर प्रेस आदळायची. तिथे ओरडून काही उपयोग नव्हता. समोरच्याच्या तोंडाकडे बघायचं आणि ओठांवरून काय ते समजून घ्यायचं. चहा आला, साहेब आला, बोट सांभाळ, सगळं ओठांवर. "आमच्याकडे शिवीसुद्धा बघावी लागायची," असं ते मोठ्या कौतुकाने सांगायचे. कंपनी बंद पडली, प्रेस भंगारात गेल्या, आणि पप्पा कान घेऊन घरी आले. म्हणजे जे काही उरलं होतं ते घेऊन.

आम्हाला ते कळलं बुद्धविहारात. पौर्णिमेची वंदना चालली होती. पप्पांचा आवाज पहिल्यापासून खणखणीत, लोक त्यांच्या मागून म्हणायचे. त्या दिवशी सगळे तिसऱ्या वेळेला, ततियम्पिला पोचले आणि पप्पा अजून दुसऱ्या, दुतियम्पिवरच. नंतर सगळे गप्प झाले तरी पप्पांचं डोळे मिटून चालूच. एका बाईने पदर तोंडाला लावला. आई पुढे गेली आणि तिने त्यांच्या खांद्याला हात लावला. त्यांनी डोळे उघडले आणि सगळीकडे बघितलं. तेव्हापासून ते वंदनेला मागच्या रांगेत बसतात आणि नुसते ओठ हलवतात.

कल्याणच्या कानाच्या डॉक्टरांनी काचेच्या खोलीत बसवून तपासलं. जाड आवाज शिल्लक आहेत, बारीक गेले, असं त्यांनी मला सांगितलं. नस गेली की परत येत नाही, औषध नाही. मशीन लावून बघा. मशीन आणलं. त्यात कुकरची शिट्टी, पंखा, समोरच्या बिल्डिंगमधलं भांडण, सगळं एकदम डोक्यात शिरायचं, फक्त बोलणाऱ्याचं बोलणं सोडून. पप्पांनी ते काढून औषधांच्या डब्यात ठेवलं. "आवाज येतो गं," ते म्हणाले, "शब्द येत नाहीत."

भिंतींना कान असतात म्हणे. आमच्या चारही भिंतींचे आठ कान काय कामाचे होते, मला कुणी सांगावं. एक जोड उसना मिळाला असता तरी चाललं असतं.

होम थिएटरचं खूळ शिरलं ते बदलापूरला, मावशीकडे. मावसभावाने नवीन सेट घेतला होता. मधोमध टीव्ही, आजूबाजूला काळे डबे, खाली कोपऱ्यात एक मोठा ठोकळा. जेवणं झाल्यावर त्याने हौसेने पिक्चर लावला. कपाटातली भांडी वाजायला लागली. मावशी म्हणाली, "बंद कर रे मेल्या, माझे कप फुटतील." आणि तेवढ्यात पप्पा उठून उभे राहिले.

"रुक जा म्हणाला! मी ऐकलं!"

आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत राहिलो. आई हळूच म्हणाली, "ओठ बघितले असतील तुम्ही." म्हणजे तिने ते ओठांनीच सांगितलं, त्यांच्याशी बोलताना बाहेर आवाज काढायचं तिने कधीच सोडून दिलं होतं.

"पाठ होती त्याची," पप्पा म्हणाले. "पाठमोरा होता तो. ओठ कुठून बघू?"

तो माणूस पाठमोरा होता की नव्हता, मला काही आठवेना. आईलाही आठवेना. मावसभाऊ सीन मागे नेऊन बघणार होता, पण मावशीने त्याला डोळ्यांनी दटावलं. बरंच झालं. पप्पांचा चेहरा असा झाला होता की तो सीन परत बघायची माझी तरी छाती नव्हती.

मग मावसभावाने त्यांना समजावलं, नको तेवढं समजावलं. ह्यात म्हणे बोलण्याचा डबाच वेगळा असतो. मधला. त्याला सेंटर म्हणायचं. गाणं, मारामारी, गाड्या बाकीच्या डब्यांतून आणि माणसांचं बोलणं फक्त ह्याच्यातून. आणि डीव्हीडी असली तर बोललेलं खाली लिहूनही येतं, व्हीसीडीत ती सोय नाही. पप्पांनी त्याच्या ओठांवरून एकेक शब्द उचलला. लिहून येतं, हे तर त्यांनी त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं. पप्पा पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचणारा माणूस. हिंदीत लिहून आलं तर आणखी काय पाहिजे? अंबरनाथला परत येताना रिक्षात ते मला म्हणाले, "बघ, दोन रस्ते आहेत. एक बंद झाला तर दुसरा."

आई म्हणाली, "ऐकावे जनाचे करावे मनाचे. ह्यांना जनाचं ऐकूच येत नाही, म्हणून सगळं मनाचंच." पण ती पाठ करून म्हणाली.

उल्हासनगरच्या मार्केटात मी आणि पप्पा गेलो. ज्या दुकानात आम्ही थांबलो तिथे जमिनीपासून छतापर्यंत डीव्हीडी प्लेअर रचलेले होते. कुठल्याशा मोठ्या कंपनीचं नाव वाटावं, पण एखादं अक्षर इकडचं तिकडे, असली सगळी नावं. दुकानदार सिंधी, पप्पांच्याच वयाचा, बोलायला गोड. मी म्हटलं, "ह्यांना ऐकायला कमी येतं. बोलणं स्पष्ट पाहिजे. आणि खाली लिहून यायला पाहिजे."

"सब आएगा, बेटा." त्याने एक प्लेअर खाली काढला. "ये देखो, पीछे छे पिन. वो सस्तेवाले में दो ही हैं. दो पिन में तुमको सेंटर नहीं मिलेगा." मग मला मराठीत म्हणाला, "सेंटर नाही तर होम थिएटर कसला? नुसता थिएटर." स्वतःच हसला. तिथल्या तिथे त्याने सहा पिनवाला प्लेअर जोडला, डिस्क टाकली, आणि दुकानाची काच थरथरायला लागली. पप्पांनी मोठ्या ठोकळ्यावर तळहात ठेवला. डॉक्टर छातीला हात लावून बघतात तसा. "जिवंत आहे," ते म्हणाले.

दुकानदाराने रिमोटवरचं बटण दाबलं. खाली पांढरी अक्षरं आली. इंग्लिश.

"हिंदी?" पप्पांनी विचारलं.

"सब भाषा है, भाईसाब. दबाते जाओ, बदलती जाएगी."

तो पुढचं बटण दाबणार तेवढ्यात लाईट गेली. लोडशेडिंग. आमच्या पट्ट्यात तेव्हा लाईट असणं हीच बातमी असायची. दुकानदाराच्या इन्व्हर्टरवर एक ट्यूब आणि एक पंखा, एवढंच चालायचं. "घर जाके देख लेना," तो म्हणाला. मला थांबायचं होतं. लाईट येईपर्यंत थांबू, भाषा बघू, मग घेऊ, असं मी पप्पांना सांगत होते. पण अंधुक उजेडात माझे ओठ त्यांना दिसत नव्हते, का दिसत असून बघायचे नव्हते, कोण जाणे. ते दुकानदाराला म्हणाले, "बांधा." सेटबरोबर त्याने एक पिक्चरची डीव्हीडी भेट दिली. येताना रिक्षात पप्पांनी तो मोठा ठोकळा मांडीवर धरला होता आणि प्रत्येक खड्ड्याला त्याच्यावर वाकत होते.

रविवारी दुपारी मी जोडायला बसले. टीव्ही आमचा जुना, मागे पिन लावायला जागा एवढीशी, आणि तिथे केबलवाल्याने करून ठेवलेला गुंता. आईने टीव्ही पुढे ओढला आणि मागचं जाळं बघून तिचा जीव गेला. "आधी झाडू दे, मग काय ते वाजव." झाडून झालं. लाल, पांढऱ्या, पिवळ्या पिना. पिवळी चित्राची, तेवढी एक लगेच कळली. बाकीच्या सगळ्या लाल-पांढऱ्याच, आणि प्लेअरच्या मागची अक्षरं मुंगीएवढी. पप्पा टॉर्च धरून उभे होते. "नीट लाव हां. सेंटर चुकवू नको." दर पिनेला तेच. मी एकदा ओरडले, "पप्पा, गप्प बसा ना!" पाठ त्यांच्याकडे होती, त्यांना कळलं नाही. ते पुढे म्हणालेच, "सेंटर चुकवू नको."

चित्र आलं. आधी अक्षरं बघायची ठरली. मी बटण दाबलं. इंग्लिश. पुन्हा दाबलं. फ्रेंच. मग स्पॅनिश. मग एकदम उजवीकडून डावीकडे जाणारी वळणावळणाची अक्षरं.

"हे काय?" पप्पा.

"अरबी."

"पुढे?"

पुढे परत इंग्लिश. मी पुन्हा सगळा फेरा मारला, सावकाश, कुठे चुकून आमची भाषा मध्ये अडकली असेल म्हणून. हिंदी पिक्चर, हिंदी बोलणारी माणसं, आणि खाली लिहायला हिंदी नाही. ज्याला ऐकू येतं त्याला वाचायला कशाला पाहिजे, असं पिक्चरवाल्यांचं गणित. पिक्चरखालची अक्षरं परदेशातल्या लोकांसाठी असतात, बहिऱ्यांसाठी नाही, हे मला तिथे जमिनीवर बसल्या बसल्या कळलं. इतका संताप आला म्हणून सांगू! रिमोट फेकणार होते. शेजारणीकडून दोन डिस्क मागून आणल्या. एकीत तेच, दुसरीत काहीच लिहिलेलं नव्हतं.

"दुबईच्या बहिऱ्यांची चैन आहे," आई म्हणाली.

"असू दे," पप्पा म्हणाले. "आपल्याला वाचायचं नाहीच. ऐकायचंय."

मग त्यांनी टीव्हीवर ठेवलेला सेंटर स्पीकर उचलला. "हा बोलणारा ना? मग हा टीव्हीवर कशाला? टीव्हीला ऐकू येतंय. मला दे."

बरोबरच होतं की. पण वायर पलंगापर्यंत पुरेना. डोअरबेल बसवली तेव्हाची वायर उरली होती, ती मी मध्ये जोडली. दातांनी सोलली, पीळ मारला, वर सेलोटेप गुंडाळली. पप्पा पलंगावर भिंतीला टेकून बसले, मांडीवर तो डबा घेऊन, त्याचं तोंड स्वतःकडे करून. आई पायाशी बसली. मी बटण दाबलं.

काय आवाज! ठोकळा जमिनीतून बोलत होता. पप्पांच्या तोंडावर एकदम हसू आलं. पलंग हलत होता, त्यांना पाठीत कळत होतं. सनई वाजली, गाडी आली, दार उघडलं. घरातला थोरला भाऊ दारात आला, तोंड उघडलं, आणि काहीच नाही. मागे नुसतं व्हायोलिन. धाकटा बोलला, तेही नाही. माणसं तोंडं उघडत होती, मिटत होती, पदराने डोळे पुसत होती, आणि त्यांच्या बोलण्याचा टिपूस बाहेर येत नव्हता.

आई माझ्याकडे बघायला लागली. मी आवाज वाढवला. व्हायोलिन वाढलं.

आणि पप्पांनी नेहमीसारखं विचारलं, "काय म्हणाला?"

आई म्हणाली, "काय माहीत! ऐकूच येत नाही मेलं." तिने हात कानापाशी नेऊन हलवला.

पप्पांना आधी कळेना. मग माझ्याकडे बघितलं. मीही मान हलवली. "तुम्हाला पण नाही?" ते म्हणाले. आणि हसायला लागले. त्यांना इतकं हसताना मी कंपनी बंद पडल्यापासून बघितलं नव्हतं. "आता कळलं? आता कळलं का?" टाळ्या वाजवायच्या तेवढ्या बाकी ठेवल्या. मग सरसावून बसले. "थांबा. मी सांगतो."

मी वायरी तपासायला टीव्हीच्या मागे गेले होते, ती तिथेच बसून ऐकत राहिले. पप्पा सांगत होते. "थोरला म्हणतोय, किती उशीर केलास. धाकटा म्हणतोय, गाडीच मिळाली नाही. आई विचारतेय, जेवलास का?" आई म्हणाली, "आणि ती बायको?" "ती म्हणतेय, पानं घेते." पप्पा प्रेसशॉपमधून आणलेलं सगळं कसब लावून पडद्याकडे बघत होते, जराही न अडखळता. "थोरला म्हणतोय, आता कुठे जायचं नाही. इथेच राहा. हे घर तुझंच आहे. बघ, पाया पडला धाकटा." आईने डोळ्यांना पदर लावला. तिने त्यांच्याकडून काही ऐकून घेतलं, त्याला किती वर्षं झाली होती कोण जाणे. आमच्या घरात तेव्हा एकालाच पिक्चर कळत होता.

मी हात मागे घेतला असता तर बरं झालं असतं. पण जोडायला बसलेल्या माणसाचे हात थांबत नाहीत. सेलोटेपखाली पीळ सुटलेला दिसला. मी तो बोटांनी आवळला.

"निकल जाओ मेरे घर से!"

आवाज पप्पांच्या मांडीतून आला. खणखणीत. मधल्या डब्यातून, त्यांच्याच पोटाकडे तोंड केलेल्या. थोरला भाऊ म्हणत होता, "ये घर मैंने बेच दिया. तुम्हारा यहाँ कुछ नहीं. माँ को भी ले जाओ." आणि त्याच्यावर, त्याच वेळी, पप्पांचा आवाज, "म्हणतोय, दमला असशील. आधी हातपाय धू."

आई पडद्याकडे बघत होती ती एकदम माझ्याकडे बघायला लागली. मी वायर बोटांत तशीच धरून ठेवली होती. मला सोडता येईना. पप्पा बोलतच होते. जेवण, गाडी, घर तुझंच आहे. घरातल्या आमच्या बोलण्याचंही ते इतकी वर्षं हेच करत आले असतील, आम्ही काय म्हणतो आणि त्यांच्यापर्यंत काय पोचतं, ह्याचा विचार मला तेव्हा पहिल्यांदा आला.

मग ते बोलता बोलता थांबले. डबा मांडीवर होता, त्यावर तळहात होते. आधी तो निर्जीव होता, आता बोलत होता, आणि ते तळहाताला कळलं. त्यांनी मान खाली घालून त्याच्याकडे बघितलं. "आला की हा," म्हणाले.

"नाही हो," आई घाईघाईने म्हणाली, "काही नाही आलं. तुम्ही सांगा ना पुढचं."

"बोलतोय हा. खोटं कशाला सांगतेस?" त्यांनी डबा दोन्ही हातांनी उचलून कानाला लावला. आधी उजव्या, मग डाव्या, मग परत उजव्या. आईला पलंगाच्या टोकाशी आणि मला टीव्हीमागेही शब्द न शब्द ऐकू येत होता. पिक्चरमधली म्हातारी आई पोरापुढे गयावया करत होती आणि मला दोन दिवस राहू दे म्हणत होती. पप्पांनी डोळे मिटले. विहारात मिटायचे तसे.

"आवाज येतो," शेवटी म्हणाले.

पुढचं वाक्य त्यांनी म्हटलं नाही. आम्हाला पाठ होतं.

मग त्यांनी आईला विचारलं, "मघाशी मी सांगत होतो, ते तसंच होतं का?"

"तसंच," आई म्हणाली. "अगदी तसंच."

पप्पा तिच्या ओठांकडे बघत होते. आयुष्यभर ओठ बघितलेला माणूस. मग नजर जरा वर, तिच्या डोळ्यांपर्यंत नेली, आणि खाली घेतली.

डबा माझ्याकडे देत म्हणाले, "टीव्हीवर ठेव. तुम्हाला नीट ऐकू येईल."

मी ठेवला. मधली डोअरबेलची वायर काढून टाकली, मूळची वायर टीव्हीपर्यंत बरोबर पुरत होती. सेट चांगला निघाला, बरीच वर्षं चालला. रविवारी आम्ही पिक्चर लावायचो, पप्पाही बसायचे, पाय त्या ठोकळ्यापाशी जमिनीवर टेकवून. आता कुणी मध्ये बोलायचं नाही, त्यामुळे पिक्चर पहिल्यापासून शेवटपर्यंत अगदी स्पष्ट ऐकू यायचा. आईच राहून राहून त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवायची आणि तोंड त्यांच्याकडे करून सांगायला जायची, "तो ना, म्हणतोय की..."

"असू दे," पप्पा म्हणायचे.